राष्ट्राराष्ट्रांमध्ये मोठी युद्धे का पेटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या आमच्या इतिहास अभ्यासवर्गात महाविद्यालयीन विद्यार्थी येतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली येतात आणि काही निवृत्त सैनिकही येतात. युद्धांच्या मुळाशी काय असते, याविषयी ही सारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्या प्रश्नांवर वर्गात वाद रंगतो त्यांची उत्तरे लांबली आहेत, बाकीची थोडक्यात आटोपली आहेत.

युद्धाचे कारण आणि युद्धाचे निमित्त यांत फरक कसा करायचा?

युद्ध त्याच दिवशी का सुरू झाले, याचे उत्तर म्हणजे निमित्त; ते सुरू होण्याजोगी परिस्थिती मुळात का आली, याचे उत्तर म्हणजे कारण. हा फरक समजून घेण्यासाठी पुणेकरांना लांब जावे लागत नाही. गायकवाड आणि पेशवे यांच्यातील जुना हिशेब मिटवण्यासाठी इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आलेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. संशय पेशवे दुसरे बाजीराव यांच्या मर्जीतले त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. कंपनीचा पुण्यातील प्रतिनिधी (रेसिडेंट) एल्फिन्स्टनने त्यांना ताब्यात मागितले, ठाण्याच्या किल्ल्यातील कैदेतून ते १८१६ मध्ये निसटले, जून १८१७ मध्ये पेशव्यांवर पुण्याचा तह लादला गेला आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली.

घटनांची ही साखळी खरी आहे. तरीही शास्त्र्यांचा खून झाला नसता तर पेशवाई आणि कंपनी गुण्यागोविंदाने नांदल्या असत्या, असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी तैनाती फौज पत्करली आणि परराष्ट्रव्यवहार कंपनीच्या संमतीनेच करण्याचे कबूल केले, तेव्हाच एका म्यानात दोन तलवारी घातल्या गेल्या होत्या. गेलेले स्वातंत्र्य बाजीरावांना परत हवे होते, ते कधी ना कधी त्यासाठी उठतील हे कंपनी ओळखून होती, आणि कंपनी ओळखून आहे हे बाजीरावांनाही ठाऊक होते. अशा स्थितीत कोणत्याही तहाला दोन्हीकडून मुदतीपुरताच अर्थ उरतो. शास्त्र्यांचा खून झाला नसता, तर दुसरी कुरापत निघाली असती.

मग १९१४ च्या महायुद्धाचे खरे कारण कोणते?

२८ जून १९१४ रोजी साराएव्हो शहरात गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी यांची हत्या केली, हे शाळेतच शिकवले जाते. कारणे म्हणून साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, लष्करशाही आणि गुप्त करार असे चार शब्दही पाठ करून घेतले जातात. या चार शब्दांत चूक काहीच नाही. अडचण एवढीच, की हे चारही घटक १९०५ मध्ये मोरोक्कोवरून तंटा झाला तेव्हा होते, १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तेव्हा होते, १९११ च्या दुसऱ्या मोरोक्को पेचप्रसंगात होते आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळीही होते. त्या प्रत्येक वेळी बड्या सत्ता काठावरून मागे फिरल्या. म्हणून आम्ही वर्गात प्रश्न असा विचारतो : १९१४ मध्ये वेगळे काय होते?

वेगळी होती ती काळाची मोजणी. रशियाने सैन्याच्या पुनर्रचनेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता, त्याच्या पश्चिम सरहद्दीकडे जाणारे लोहमार्ग फ्रेंच कर्जातून उभे राहत होते, आणि १९१७ च्या सुमारास हे काम पुरे झाले की रशियापुढे आपला निभाव लागणार नाही, असे जर्मन सेनाधिकाऱ्यांनी मनाशी धरले होते. जर्मनीचा सरसेनापती मोल्टके १९१२ पासूनच सांगत होता की, युद्ध टळणारे नसेल तर ते जितक्या लवकर होईल तितके बरे. ऑस्ट्रिया-हंगेरीची भीती वेगळ्या जातीची होती. अनेक भाषिक लोकसमूहांची मोट बांधून उभे असलेले हे साम्राज्य, त्यातील स्लाव लोकांना शेजारच्या सर्बियाचे वाटणारे आकर्षण वाढत गेले तर आतूनच फुटेल, अशी धास्ती व्हिएन्नात होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला तो या दोन भीती एकत्र आल्यामुळे.

त्यात आगगाडीची भर पडली. फ्रान्सला सुमारे सहा आठवड्यांत चीत करून मग संथ गतीने जमणाऱ्या रशियन फौजांकडे वळायचे, अशी जर्मनीची योजना होती. रशियाने सैन्याची जमवाजमव आधी सुरू केली तर ही सारी योजना कोलमडणार होती. त्यामुळे जुलैच्या शेवटच्या दिवसांत मुत्सद्द्यांची पत्रे अजून वाटेत असतानाच सैनिकांच्या गाड्या सुटू लागल्या. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि ४ ऑगस्टपर्यंत जर्मनी, रशिया, फ्रान्स आणि ब्रिटन हे सारे रणांगणात उतरले होते. भारताचा या भांडणाशी काडीचा संबंध नसताना १३ लाखांहून अधिक भारतीय माणसे या युद्धाच्या कामी लावली गेली आणि त्यांतील सुमारे ७४ हजार परत आली नाहीत.

म्हणजे ‘आज लढलो नाही तर उद्या लढता येणार नाही’ ही भावना हेच मोठ्या युद्धांचे मूळ मानायचे का?

सर्व युद्धांचे नाही, पण मोठ्या युद्धांपैकी बऱ्याच युद्धांचे मूळ तेथे सापडते, असे आमचे प्रामाणिक मत आहे. हा विचार नवा नाही. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये सुरू झालेल्या अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाविषयी लिहिताना ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने तक्रारींची यादी बाजूला ठेवली आणि अथेन्सचे वाढते बळ व त्यामुळे स्पार्टाला वाटणारी भीती हे खरे कारण म्हणून नोंदवले.

जपानचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. चीनमधील युद्धात रुतलेल्या जपानने जुलै १९४१ मध्ये फ्रेंच इंडोचायनाच्या दक्षिण भागात सैन्य घातले, त्यावर अमेरिकेने जपानचे पैसे गोठवले आणि ऑगस्टमध्ये तेल तोडले. जपानचे सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होते. जपानच्या मंत्रिमंडळासमोर मग साठ्याचा हिशेब आला. चीनमधून माघार घ्यावी, हा पर्याय राज्यकर्त्यांनी मानहानीचा म्हणून नाकारला होता, आणि स्वस्थ बसावे तर टाक्या रोज थोड्या थोड्या रिकाम्या होत होत्या. अमेरिकेची उत्पादनशक्ती आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे, हे माहीत असूनही त्यांनी ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला चढवला. हा वेडेपणा होता असे म्हणून विषय सोडून देणे सोपे आहे. पण ही माणसे रीतसर बैठका घेऊन, आकडे मांडून, पायरी पायरीने या निर्णयापर्यंत आली होती, आणि अभ्यासायची गोष्ट नेमकी तीच आहे.

सप्टेंबर १९८० मध्ये इराकने इराणवर केलेल्या आक्रमणात भीती आणि संधी यांचे मिश्रण दिसते. १९७९ च्या क्रांतीचे लोण आपल्याकडे येईल ही सद्दाम हुसेन यांना भीती होती, आणि क्रांतीनंतर इराणचे सैन्य विस्कळीत झालेले असल्यामुळे ही संधी पुन्हा मिळणार नाही, असाही त्यांचा अंदाज होता. १९७५ च्या अल्जिअर्स करारात सरहद्दीवरील शत अल-अरब नदीविषयी दिलेली सवलत परत घेण्यासाठी सुरू केलेले हे युद्ध ऑगस्ट १९८८ पर्यंत चालले, आणि शेवटी सरहद्द जवळजवळ होती तेथेच राहिली.

या मताला आव्हान देणारे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका ब्रिटनला मागे टाकत होती. १८९५ मध्ये व्हेनेझुएलाच्या सरहद्दीवरून आणि नंतर अलास्काच्या सीमेवरून दोघांत ताण आला. तरी युद्ध झाले नाही. ब्रिटनला त्याच काळात जर्मनीची अधिक धास्ती होती, कॅनडाचे रक्षण करणे अवघड होते आणि अमेरिका वाढली तरी ती आपल्या घरावर चालून येणार नाही, असा भरवसा हळूहळू बसला होता. तेव्हा दुसऱ्याचे बळ वाढले की युद्ध अटळच, असा नियम मांडता येत नाही.

युद्धात दोघांचेही नुकसान होते, तर आधीच तडजोड का होत नाही?

आमच्या मते हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकी अभ्यासक जेम्स फिअरन यांनी १९९५ मध्ये तो नेमकेपणाने मांडला. युद्धाचा खर्च दोघांनाही सोसावा लागतो, म्हणून कागदावर तरी अशी एखादी तडजोड नेहमीच असते की जी दोघांनाही युद्धापेक्षा बरी. ती हातून निसटते याची त्यांनी तीन कारणे दिली. दुसऱ्याचे बळ आणि जिद्द किती आहे हे नक्की कळत नाही, आणि खरे सांगण्यात कोणाचाच फायदा नसल्यामुळे प्रत्येक जण फुगवून सांगतो. आजचा करार उद्या पाळला जाईल याची हमी देणारा वरचा कोणी नसतो. आणि काही वस्तू, उदाहरणार्थ एखादे पवित्र स्थान किंवा सिंहासन, वाटून घेता येत नाहीत, निदान तसे मानले जाते.

पाच गावांवर समेट करण्याचा पांडवांचा प्रस्ताव आठवून पाहा. केवळ जमिनीचा हिशेब केला असता तर तो कौरवांच्या अतिशय फायद्याचा होता. दुर्योधनाच्या हट्टाला आपण अहंकार म्हणतो आणि तो होताच. पण पाच गावांवर बसलेले पांडव तेरा वर्षांचा अपमान विसरून पाचच गावांवर समाधान मानतील, याची हमी कोण देणार होते? दोन भावकींना कोर्टकचेरी असते, तलाठ्याचा उतारा असतो, निकाल बजावणारा पोलीस असतो. दोन सार्वभौम राष्ट्रांच्या वर असा कोणी नाही. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी अस्तित्वात आलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाकडून ती अपेक्षा होती, परंतु सुरक्षा परिषदेतील पाच कायम सदस्यांना नकाराधिकार असल्यामुळे त्यांच्यापैकीच एखादा भांडणात असेल तर तेथील हात बांधले जातात.

व्हर्सायच्या तहामुळेच दुसरे महायुद्ध झाले, हे खरे आहे का?

परीक्षेत हे उत्तर खपून जाते, पण ते अर्धेच खरे आहे. २८ जून १९१९ च्या या तहाने जर्मनीला युद्धाची जबाबदारी स्वीकारायला लावली आणि १९२१ मध्ये युद्धनुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरवण्यात आला, हे खरे. तो अपमान जर्मनीत खोल सलत राहिला, हेही खरे. मात्र तहाला नऊ वर्षे होऊनही मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते मिळाली होती. जागतिक महामंदी आली, बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात गेली आणि जुलै १९३२ मध्ये त्याच पक्षाची मते ३७.३ टक्क्यांवर पोहोचली. भरपाईची वसुली तर त्याच महिन्यात लोझानच्या परिषदेत जवळजवळ संपुष्टात आणली गेली होती, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आधीच.

त्यापुढची जबाबदारी हिटलरच्या स्वतःच्या उद्दिष्टांवर टाकावी लागते. पूर्वेकडे जर्मनांसाठी भूमी बळकावणे आणि तेथील लोकांना हुसकावणे किंवा नष्ट करणे हा त्याचा कार्यक्रम व्हर्सायच्या कोणत्याही दुरुस्तीने पुरा होणारा नव्हता. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा जर्मनभाषक भाग देऊनही सहा महिन्यांत उरलेला चेक प्रदेश त्याने घेतला. भीतीतून होणाऱ्या युद्धाला दिलासा हे औषध असू शकते. हावेतून होणाऱ्या युद्धाला तेच औषध विषासारखे ठरते. समोरचा यांपैकी कोणत्या प्रकारातला आहे हे वेळेवर ओळखणे अतिशय अवघड असते, आणि १९१४ चा धडा घेऊन १९३८ मध्ये वागणाऱ्यांची चूक तेथेच झाली.

युद्धांच्या मुळाशी धर्म असतो का?

धर्म माणसे उभी करतो, पण राष्ट्रे कोणाच्या बाजूने उभी राहतात हे बहुधा दुसऱ्याच हिशेबाने ठरते. १६१८ मध्ये प्राग येथे पेटलेले तीस वर्षांचे युद्ध कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या वैरातून सुरू झाले, पण पुढे कॅथलिक फ्रान्सनेच प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला आणि अखेर स्वतः ऑस्ट्रिया आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या कॅथलिक हाब्सबर्ग घराण्याविरुद्ध युद्धात उतरला. इराण-इराक युद्धात इराकच्या सैन्यातील असंख्य शिया सैनिक शिया इराणविरुद्ध लढले.

एकमेकांशी व्यापार करणारी राष्ट्रे लढत नाहीत, असे म्हणतात. ते कितपत खरे?

१९१४ पूर्वी ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते, आणि युद्ध आता आर्थिकदृष्ट्या परवडण्याजोगे राहिलेले नाही असे त्या काळी अनेक शहाणी माणसे सांगत होती. आर्थिकदृष्ट्या ती बरोबरच ठरली, युद्ध मात्र झाले. व्यापाराने युद्ध महाग होते, अशक्य होत नाही. उलट तेल, धान्य किंवा धातू यांसाठी एकाच देशावर अवलंबून असलेल्या राष्ट्राला तो पुरवठा तुटण्याचीच भीती वाटू लागली, तर जपानसारखी गत होते.

शस्त्रे बनवणारे कारखानदारच युद्धे घडवून आणतात का?

खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना असल्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो, आणि विचारणाऱ्यांत त्या कारखान्यात नोकरी केलेल्यांची मुले-नातवंडेही असतात. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा संशय इतका बळावला होता की, १९३४ ते १९३६ या काळात सिनेटच्या समितीने त्याची चौकशी केली. नफ्यासाठी भीती वाढवणारे लोक असतात, यात शंका नाही. तथापि एखादे मोठे युद्ध त्यांनीच घडवून आणले, असे सिद्ध करणे जमलेले नाही.

शस्त्रस्पर्धेचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. ब्रिटनने १९०६ मध्ये ड्रेडनॉट ही युद्धनौका उतरवली आणि जर्मनीशी नौदलाची चढाओढ तीव्र झाली. मात्र १९१२ च्या सुमारास जर्मनीने आपला भर नौदलावरून भूदलाकडे वळवला होता. जहाजांची स्पर्धा ओसरल्यानंतर युद्ध आले. त्या स्पर्धेने मागे ठेवला तो संशय, आणि ब्रिटनला फ्रान्स-रशियाच्या गोटात ढकलण्याचे काम तिने आधीच केले होते.

नेत्यांच्या स्वभावाला किती महत्त्व द्यायचे?

पुष्कळ. अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी युद्धाच्या कारणांचे तीन स्तर सांगितले : माणूस, राज्याची अंतर्गत रचना आणि राष्ट्राराष्ट्रांमधील अराजक, म्हणजे त्यांच्या वर कोणतीही सत्ता नसणे. वरच्या सगळ्या उत्तरांत तिसऱ्या स्तरावर भर आहे, म्हणून पहिल्याचे एक उदाहरण देतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेच उभा राहिला तेव्हा केनेडींच्या सल्लागारांपैकी अनेकांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. केनेडींनी नाकेबंदी निवडली, तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे हलवण्याचे गुप्तपणे मान्य केले, आणि ख्रुश्चेव्ह यांनाही मागे फिरण्याची वाट मिळाली. त्या दोन खुर्च्यांवर दुसरी माणसे असती तर काय झाले असते, याचा विचार करावासा वाटत नाही.

भारताच्या युद्धांना हीच कारणे लागू पडतात का?

१९६२ च्या युद्धाला बऱ्याच अंशी पडतात. इंग्रजांनी मागे ठेवलेली सीमा पश्चिमेकडे कधीच नीट आखलेली नव्हती. चीनने १९५७ मध्ये शिनजियांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता अक्साई चीनमधून पूर्ण केला, मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, आणि तिबेटवरील आपली पकड ढिली करण्यामागे भारताचा हात आहे असा चीनच्या नेतृत्वाचा ग्रह झाला. भारताने पुढे चौक्या उभारल्या त्या आपल्याच भूमीवर उभारतो आहोत या भावनेने. चीनने त्या चाल म्हणून वाचल्या. २० ऑक्टोबरला हल्ला झाला.

१९७१ चे मूळ मात्र एका देशाच्या आत होते. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या, म्हणजे सबंध पाकिस्तानात बहुमत मिळवले, आणि तरी तिला सत्ता दिली गेली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, आणि पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न भारताचा प्रश्न झाला. मतपेटीचा निकाल नाकारणे हे या युद्धाचे मूळ कारण आहे, असे आम्ही निःसंकोचपणे शिकवतो.

लोकशाही राष्ट्रे एकमेकांशी लढतात का?

क्वचितच, आणि मुरलेल्या लोकशाही राष्ट्रांमधील मोठ्या युद्धाचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे. १९९९ च्या कारगिलच्या वेळी दोन्ही देशांत निवडून आलेली सरकारे होती खरी, पण पाकिस्तानात लष्कर सरकारच्या ताब्यात नव्हते, हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या सत्तापालटाने दाखवून दिले.

पुढची युद्धे पाण्यावरून होतील का?

पाण्यावरून तंटे फार जुने आहेत. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लगाश आणि उम्मा ही सुमेरी नगरराज्ये शेतजमीन आणि कालव्यांच्या पाण्यावरून लढली होती. तरीही १९६० चा सिंधू जलकरार १९६५, १९७१ आणि १९९९ च्या तिन्ही युद्धांत टिकून राहिला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला, तोही दहशतवादी हल्ल्यानंतर. पाणी हे आजवर बहुधा दुसऱ्या भांडणातले हत्यार ठरले आहे.

आपल्या परंपरेत यावर काही विचार झाला आहे का?

कौटिल्याने संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन (स्वस्थ बसणे), यान (चढाईची तयारी), संश्रय (बलवानाचा आश्रय) आणि द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी युद्ध) असे परराष्ट्रनीतीचे सहा मार्ग सांगितले. शत्रूपेक्षा कमी पडणाऱ्याने तह करावा आणि चढत्या सत्तेने युद्ध करावे, असा त्याचा सल्ला आहे. वर पाहिलेली युद्धे मात्र अनेकदा उतरणीला लागल्याचे भय बाळगणाऱ्यांनी सुरू केली, म्हणजे त्यांनी त्याच्या सल्ल्याच्या बरोबर उलट केले. त्याचे आणखी एक वाक्य आम्हाला फार मोलाचे वाटते. तह आणि युद्ध यांतून सारखाच लाभ होणार असेल तर तह निवडावा, कारण युद्धात माणसांचा क्षय, पैशाचा व्यय, घरापासून दूर राहणे आणि विघ्ने ही ठरलेलीच. त्याला शांततावादी कोणी म्हणणार नाही, म्हणून या वाक्याचे वजन जास्त.

पुण्यात या विषयाशी जोडलेले काय पाहता येईल?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ या नावाने ओळखली जाते, कारण दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानकडून मिळालेली देणगी तिच्या उभारणीसाठी वापरली गेली. तेथे प्रवेशासाठी आधी परवानगी घ्यावी लागते.

खडकीची युद्धस्मशानभूमी मात्र प्रत्येकाने पाहावी. पश्चिम आणि मध्य भारतातील ज्या दफनभूमींची कायमची देखभाल होणे शक्य नव्हते, तेथून आणलेल्या कबरींसह दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिक येथे आहेत, आणि पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावून इतरत्र पुरलेल्यांची नावेही येथे कोरलेली आहेत. आमचा वर्ग दरवर्षी हिवाळ्यात तेथे जातो. प्रत्येकाने एक ओळ निवडायची, दगडांवरील नाव, पलटण, तारीख आणि वय वहीत उतरवायचे, आणि परतल्यावर त्या तारखेला ती पलटण कोठे आणि कशासाठी होती हे शोधून पुढच्या शनिवारी सांगायचे, असा आमचा परिपाठ आहे. बहुतेक वह्यांत वयाच्या रकान्यात १९, २०, २२ असे आकडे असतात, म्हणजे वही धरणाऱ्यांच्याच वयाचे.